तुसाची मूठ

बांधाला भोक पडलं की ते आतून सापडत नाही. ज्यांनी खाडीकाठी शेती केली नाही त्यांना हे सांगावं लागतं. आमच्याकडे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि मध्ये चिखलाचा बांध, माणसाच्या छातीएवढा उंच. खेकडे तो बांध पोखरतात. भरतीचं खारं पाणी त्या भोकातून शिरतं, बांधाच्या पोटात वाकडंतिकडं फिरतं आणि आत भलतीकडेच झिरपताना दिसतं. जिथे ओल दिसते तिथे माती थापणारा माणूस मूर्ख. तो आत थापत बसतो आणि बाहेर भोक मोठं होत जातं. मग एखाद्या उधाणाला बांध फुटतो, शेतात मीठ बसतं, आणि त्या जमिनीकडे बघवत नाही.

माझ्या बापाची रीत वेगळी. भरती चढली की तो बांधाच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात उतरायचा, कमरेच्या फडक्यातून भाताच्या तुसाची मूठ काढायचा आणि पाण्यावर हलकेच सोडायचा. मग हलायचं नाही, बोलायचं नाही. फक्त पाण्याकडे बघायचं. तूस हलकं. जिथे पाणी आत ओढलं जातं तिथे ते गोल फिरायला लागतं आणि गपकन बुडतं. तिथे भोक. पायाने चिखल दाबायचा, पेंढा कोंबायचा, की झालं. चौथीनंतर मी शाळा सोडली ती या कामासाठी, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आजही मोठ्या उधाणाला मी बांधावर एक चक्कर मारतो. कोणी सांगितलेलं नसतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे मी माझ्याच घरात जे केलं ते याच अकलेवर केलं.

खोकला मला जुना. तरुणपणी मिठागरावर होतो तेव्हा बिड्या भरपूर ओढल्या, त्याचं व्याज छाती फेडत असते. पण मागच्या थंडीत खोकला आला तो जाईचना. गावच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढायला लावला. फोटोत उजव्या अंगाला, वरती, अगदी कडेला एक डाग निघाला. डॉक्टर म्हणाला, टीबी असेल, गोळ्या चालू करू. माझा मुलगा म्हणाला, आधी खात्री करू. मुलाचे न्हावा शेव्याला बंदरावर ट्रेलर चालतात. सकाळी निघतो, दिवसभर फोन कानाला, आणि ड्रायव्हरांशी हिंदीत भांडून भांडून घरातही हिंदी बोलतो. तो खात्री म्हणाला आणि मी सावध झालो.

कारण सांगतो. माझा थोरला भाऊ असाच खोकायचा. त्याला घरच्यांनी सांगितलं, छातीत कफ साठलाय, औषधाने सुटेल. मलाही तेच सांगितलं. मी रोज संध्याकाळी त्याच्या ओटीवर जाऊन बसायचो. एकदा तो म्हणाला, "तुझ्याशी एक बोलायचंय. बरा झालो का सांगतो." मी म्हटलं, सांग की सावकाश, कुठं पळून चाललायस. त्यानंतर तो बरा झालाच नाही. तेराव्याला जेवताना मला कळलं की तो कॅन्सर होता, आणि ते त्याच्या बायकोला माहीत, मुलांना माहीत, शेजाऱ्याला माहीत. त्याला नाही आणि मला नाही. मी वहिनीला विचारलं, मना का न्हाय सांगितलं? ती म्हणाली, "भावजी, तुमच्या पोटात काय राहत न्हाय. तुमी त्यांना सांगून मोकळे झाले असतात."

झालो असतो. सांगायलाच पाहिजे होतं. त्याला माझ्याशी काय बोलायचं होतं ते मला अजून माहीत नाही आणि आता कळायचा रस्ताही नाही. तेव्हापासून घरात कोणी हळू आवाजात बोललं की मी कान टवकारतो.

तर मुलगा मला खाडीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथली फुप्फुसाची डॉक्टर माझ्या सुनेच्या वयाची. तिने संगणकावर माझी छाती दाखवली, पावाच्या चकत्या कापाव्यात तशी कापलेली. एका चकतीत बोट ठेवलं. गाठ वालाच्या दाण्याएवढी होती.

"एवढीशी?" मी म्हटलं.

"एवढीशी आहे म्हणूनच घाई करतेय, काका," ती म्हणाली. "टीबीची असू शकते, जुनी जखम असू शकते, कॅन्सर असू शकतो. फोटोवरून सांगता येत नाही. तिथली चिमूटभर काढून तपासायला लागेल. साधी दुर्बीण मोठ्या नळ्यांपर्यंत जाते, तुमची गाठ पार टोकाला आहे. बाहेरून बरगड्यांमधून सुई घालता येते, पण तुमचं फुप्फुस बिड्यांनी जीर्ण झालंय. सुईने भोक पडून हवा सुटायची भीती जास्त. म्हणून रोबोटने करू. केसापेक्षा थोडी जाड म्हणा, अशी बारीक नळी तोंडातून आत जाते आणि वळत वळत तिथे पोचते."

मुलगा लगेच म्हणाला, "केसाएवढी?" आणि ती हसली, "बरं, केसापेक्षा बरीच जाड. उदबत्तीएवढी म्हणा." मी मनात नोंद केली. पहिलंच माप चुकलं.

"रोबोट चालवतो कोण?" मी विचारलं.

"मी."

"मग रोबोट कशाला म्हणता? नांगराला आमी शेतकरी म्हणत न्हाय."

ती पुन्हा हसली. डॉक्टर हसले की मला आवडत नाही, विषय बदलायची ती एक रीत असते. पण तिने विषय बदलला नाही. पडद्यावर दुसरं चित्र आणलं. माझ्या छातीतल्या नळ्यांचा नकाशा, त्या चकत्यांवरून संगणकाने काढलेला. ती म्हणाली, झाडासारखं दिसतं. मला ती खाडी दिसली. तोंडाशी रुंद, मग दोन फाटे, त्यांचे फाटे, मग नाळ, मग नाळेची चीर, जिथे होडी सोडा, निवटीसारखी चिखलातली मासळीसुद्धा पोट घासत जाते. आणि त्या चिरेच्याही पुढे तो वालाचा दाणा. आतून एक निळी रेघ त्याच्याकडे काढलेली होती, नाव कुठून न्यायची ते दाखवायला.

मी म्हटलं, "हा नकाशा मी श्वास धरला होता तवाचा. तुमच्या माणसानं सांगितलं, श्वास धरा, तर मी धरला. आता निजवल्यावर मी थोडाच धरणार? खाडी भरतीला एक दिसते आन् ओहोटीला एक. नकाशा घेऊन गेलात आन् पाणी उतरलेलं असलं तर?"

मला वाटलं, बाईला धरली. मुलगासुद्धा तिच्याकडे बघायला लागला. पण तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

"तसं होतंच, काका. नकाशात जिथे असते तिथे गाठ नेमकी सापडत नाही कित्येकदा. म्हणून तिथे पोचल्यावर टेबलावरच पुन्हा स्कॅन करतो. नळीच्या टोकातून आवाजाच्या लहरी सोडून बघतो की समोर गाठ आहे की नुसती हवा. गाठ समोर नसेल तर सुई बाहेर काढत नाही."

मी पाणी मागितलं.

पाणी पिऊन मी विचारलं, "आन् चुकलं तर शिव्या कोणाला घालायच्या? मशीनला का तुमाला?"

"मला. मशीनला मराठी येत नाही."

हे उत्तर मला बरं वाटलं, पण तोंडावर दाखवलं नाही. मी माझी अट सांगितली. जो निकाल येईल तो आधी मला सांगायचा. एकट्याला. बाकीच्यांना मागाहून.

मुलगा म्हणाला, "बाबा, असं काय करतोस? मी हाय ना."

"तू हायस म्हणूनच."

डॉक्टरीणबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "ठीक आहे. छाती तुमची, निकाल तुमचा." मी तिच्याकडून ते परत एकदा वदवून घेतलं. मुलाचं तोंड उतरलं. उतरू दे म्हटलं.

ज्या दिवशी तपासणी होती त्या दिवशी पहिलं भांडण करगोट्यावरून झालं. नर्स म्हणाली, अंगावर काही ठेवायचं नाही, आणि कात्री घेऊन आली. करगोटा म्हणजे कमरेचा काळा दोरा, पाळण्यात असल्यापासून अंगावर असतो. आमच्यात तो माणूस गेल्यावरच तोडतात. मी म्हटलं, "बाय, ज्या दिवशी हा तोडाल त्या दिवशी मना दुर्बिणीची गरज नसेल." ती ऐकेना. मी खाटेवरून उतरलो आणि चपला शोधायला लागलो. शेवटी तिच्या वरच्या बाई आल्या, त्यांनी दोऱ्यातला चांदीचा मणी काढून मुलाच्या हातात दिला आणि दोरा पांढऱ्या चिकटपट्टीने कमरेला चिकटवून टाकला. मला आत ढकलत नेताना मुलगा मणी मुठीत धरून उभा होता.

आतमध्ये ते यंत्र होतं. खांबावर एक हात, प्लास्टिक पांघरलेला, आणि बाजूला एक टेबल. टेबलावर पडदे आणि दोनच गोष्टी, एक गोळा आणि एक चाक. गोळा फिरवला की नळी वळते, चाक फिरवलं की पुढे मागे होते. मी म्हटलं, एवढंच? डॉक्टरीणबाई म्हणाली, "एवढंच. पण हात शिकायला वर्षं जातात." मी ठरवलं होतं की शक्य तितकं जागं राहायचं आणि तो गोळा खरंच कोण फिरवतं ते बघायचं. तोंडावर मास्क आला. मी डोळे ताणून तिच्या हातांकडे बघत होतो. हात अजून गोळ्यापर्यंत पोचले नव्हते, आणि तेवढ्यात सगळं विझलं. म्हणून आजही मला कोणी विचारलं की रोबोट कोणी चालवला, तर मी म्हणतो, तिने चालवला असं तीच सांगते.

शुद्धीवर आलो तेव्हा घसा खरवडल्यासारखा झाला होता. थुंकीत रक्ताची एक तार आली. नर्स म्हणाली, होतं असं. मग मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. बाहेर डॉक्टरीणबाई माझ्या मुलाशी बोलत होती. थोडं नाही, बरंच. मुलगा मान हलवत होता. मध्येच तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून काहीतरी दाखवलं, आणि मुलाने पुन्हा मान हलवली. तो माणूस कोणाचं ऐकताना गप्प राहत नाही. तिथे तो गप्प होता.

तो आत आला तसं मी विचारलं, "बाई काय बोलली?"

"काय न्हाय. आराम करायला सांगितलाय."

'काय न्हाय.' भावाच्या घरात सगळी याच दोन शब्दांत बोलायची.

डॉक्टरीणबाई मागून आली. म्हणाली, चिमूट मिळाली, चांगली मिळाली, काही दिवसांत निकाल येईल. मी विचारलं, तुमाला काय दिसलं? ती म्हणाली, दिसण्यावरून मी सांगणार नाही. वाटेत गाडीत मुलगा एकदाही हिंदी बोलला नाही.

घरी आल्यावर मी बघायला लागलो. आणि बघायला लागलं की दिसतंच. मुलगा बंदरावर उशिरा जायला लागला आणि दुपारीच परत यायला लागला. सकाळी मी डोळे मिटून पडलेलो असायचो तर हा खाटेशी येऊन उभा. बोलायचा नाही, माझ्या छातीकडे बघायचा आणि निघून जायचा. फोन आला की कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जाऊन बोलायचा. मी ओटीवर आलो की सून आणि म्हातारी बोलता बोलता थांबायच्या. म्हातारी म्हणजे माझी बायको. लग्न झाल्यापासून ती मला चहात साखर कमी घालते आणि वर बोलते. आता न मागता साखर घालायला लागली. मी खळ्यात थुंकलो तर काही बोलली नाही. जी बायको नवऱ्याला शिव्या द्यायची थांबते तिला काहीतरी कळलेलं असतं. याहून मोठा पुरावा कोणता?

ओल दिसत होती. भोक कुठे आहे ते बघायचं होतं. मी ठरवलं, तूस टाकायचं.

दुपार धरली. मुलगा जेवायला आला होता, म्हातारी ओटीवर सुपात सुकट निवडत होती, सून दाराशी होती. मी खाटेवर नीट बसलो आणि म्हटलं, "डॉक्टरीणबाईचा फोन आलता. समदं सांगितलं मना. कॅन्सरच हाय. आता तुमी लपवायचं कारण न्हाय."

आणि गप्प बसलो. हललो नाही. तिघांच्या तोंडाकडे बघत राहिलो, पाण्याकडे बघतात तसा. ज्यांना ठाऊक असतं ते आधी एकमेकांकडे बघतात. डोळे फिरतात. तिथे भोक.

कोणी कोणाकडे बघितलं नाही. तिघं माझ्याकडेच बघत होती. म्हातारीच्या हातातलं सूप कललं आणि सुकट मांडीवरून खाली सांडत राहिली, तिला कळलंच नाही. मग तिने जो गळा काढला तो खाडीपलीकडे गेला असेल. मुलाचा घास तसाच हातात. तो एवढंच म्हणाला, "कवा? कवा आलता फोन?"

मला कळायला हवं होतं. तूस नुसतं तरंगत होतं. पण मी हट्टी. मला वाटलं, नाटक चांगलं करतात.

मुलगा हात न धुता उठला आणि त्याने दवाखान्यात फोन लावला. खुराड्यापाशी नाही, माझ्यासमोर. तिकडून कोणी म्हणालं, निकाल अजून आलेलाच नाही. हा तांबडालाल झाला. "बाबाला फोन करून सांगता आणि मला बोलता रिपोर्ट आलाच नाही? उल्लू समझते हो क्या?" तिकडची बाई खरं बोलत होती आणि माझा मुलगा तिला खोटी पाडत होता. आता गोष्ट माझ्या हातात उरली नव्हती, ती पुढे आपली आपणच चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थळहून माझी बहीण आली. ती कोळीवाड्याच्या शेजारी राहते आणि रडायला तिच्यासारखं कोणी रडत नाही. फाटकापासूनच सुरू झाली, "माज्या भावा रं, थोरला गेला तसा तू बी चाललास रं!" मी म्हटलं, अगं, मी बसलोय इथं. तिने मला बसलेला पाहिला आणि आणखी मोठ्याने रडली. गल्ली जमली. ज्या शेजाऱ्याशी माझं कुंपणावरून बोलणं बंद होतं तो शहाळी घेऊन आला. आणि चुलतभावाची सून जिताडा घेऊन आली, खाडीतला ताजा मासा, भल्या मोठ्या तुकड्यांचं कालवण. जिताडा आमच्याकडे कोणी फुकट देत नाही. म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "जावयाला देतात, न्हायतर जाणाऱ्याला."

मी खरं सांगणार होतो. पण जिताडा समोर होता. तो मी खाल्ला आणि मग सांगू म्हटलं.

जेवून हात धुतो तर मुलगा गाडीची चावी घेऊन निघालेला. बंदरावरचे त्याचे दोघं-तिघं धिप्पाड ड्रायव्हर फाटकात उभे. मी विचारलं, कुठं? म्हणाला, दवाखान्यात. त्या बाईला विचारतो, आमच्याशी खोटं का बोलली.

आता गप्प राहिलो असतो तर त्या पोरीच्या अंगावर माझं तूस गेलं असतं. तिने माझ्याशी शब्द केला होता, तो मोडलाही नव्हता. मी म्हटलं, "जाऊ नको. फोन आलाच न्हाय."

"काय?"

"मी तूस टाकलंतं. तुमाला ठाऊक हाय का बघायला."

बहिणीचं रडणं मध्येच तुटलं. शेजाऱ्याने आपली उरलेली शहाळी उचलली. म्हातारी सावकाश उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "आवं, पुढच्या वेळी तुमच्या तोंडात घालते मी तूस. पायलीभर." आणि मग जे ती इतके दिवस बोलली नव्हती ते सगळं बोलली, खळ्यात थुंकल्याबद्दलसुद्धा. मला फार हलकं वाटलं.

मुलगा मात्र चिडला नाही, आणि ते जड गेलं. ड्रायव्हरांना परत पाठवलं आणि माझ्या खाटेवर टेकला. "तुला काय वाटलं, ती बाई तिथं काय बोलत होती? ती बोलली, चिमूट काढली तिथून हवा सुटू शकते. दोन-चार दिवस श्वासाकडं लक्ष ठेवा. धाप लागली, छाती एका बाजूनं हलेनाशी झाली, का लगेच घेऊन या. म्हणून मी बघायचो. आन् तुला सांगितलं असतं तर तू मुद्दाम धाप दाबून बसला असतास."

बसलो असतो. तेही खरं. आणि खुराड्यापाशी तो कोणाशी बोलायचा? ड्रायव्हरांशी. घरात ओरडू नको, बाबा निजलेत, असं म्हातारीनेच सांगितलं होतं. आणि बाबाला चिडवू नका, धाप लागेल, असं त्याने म्हातारीला आणि सुनेला बजावलं होतं.

"तू भोक शोधायला गेलास आन् बांध फोडून आलास," तो म्हणाला. मी त्याला बांधावर कधी नेलं नव्हतं. हे बोलणं तो कुठून शिकला कोण जाणे.

त्यानंतर घरात माझी किंमत राहिली नाही. मी म्हटलं, आज पाऊस येईल, तर सून म्हणायची, "खरंच, का तूस?" मी म्हटलं, मीठ कमी हाय, तर म्हातारी म्हणायची, "कोणाचं तोंड बघायचंय?" सगळी हसायची. मी रागावल्यासारखं करायचो. हसत होती तोवर बरं होतं.

मग दवाखान्यातून खरोखरचा फोन आला. मुलाने फोन माझ्याच हातात दिला. बाईने बोलावलं होतं.

म्हातारी हट्टाने बरोबर आली. डॉक्टरीणबाईने दार उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही आत या." बाकी दोघं बाकावर राहिली. तिने शब्द पाळला, एवढं मी तिच्या बाजूने लिहून ठेवतो.

तिने खुर्ची माझ्या समोर ओढली. "काका, गाठ साधी नाही. कॅन्सर आहे. लहान आहे, आणि आत्तापर्यंतच्या स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे दिसत नाही. अजून एक तपासणी करू, आणि सगळं ठीक असेल तर तेवढा भाग ऑपरेशनने काढू. पुरतं बरं होण्याची आशा आहे. खात्री मी देणार नाही."

मी विचारलं, "दुसऱ्याची चिमूट तर न्हाय ना माझ्या नावावर?"

तिला राग आला नाही. नावाची चिठ्ठी कुठे चिकटवतात, कोण तपासतं, ते तिने सांगितलं.

"हे मशीन म्हणतंय का तुमी म्हणता?"

"मशीन फक्त तिथवर गेलं. म्हणतेय मी."

मी तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. डोळे कुठे फिरले नाहीत. मग मी उठलो.

बाहेर दोघं बाकावर चहा पीत होती. कागदी पेल्यातला चहा म्हातारीला कधी पटत नाही, तरी फुंकत होती. मुलाने माझ्यासाठीही आणून ठेवला होता. मी समोर उभा राहिलो आणि म्हटलं, "कॅन्सर हाय."

म्हातारी म्हणाली, "बसा गप. चहा निवतोय."

मुलगा हसला. "आता कोणाला पकडायचंय, बाबा? इथं तर जिताडा बी कोण आणून द्यायचा न्हाय."

दोघं हसली. म्हातारीला हसता हसता ठसका लागला आणि मुलाने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. मी पेला उचलला आणि तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, चहा तरी पिऊन होऊ दे तिचा. एवढा संपू दे. मग सांगू. मग मनात आलं, घरी जाऊन सांगू. उद्या सांगू. थोरल्या भावाची बायको मला आठवली, त्याच्या उशाशी बसून त्याला पेज भरवणारी. तीही असंच म्हणत असेल, एवढी पेज संपू दे. इतकी वर्षं मी तिच्याकडे जेवायला गेलो नाही.

म्हातारी चहाला नावं ठेवत होती. मी फरशीकडे बघत होतो.

मुलाचं हसणं थांबलं. तो थोडा वाकला आणि माझं तोंड बघायला लागला.

"बाबा," तो म्हणाला, "तू आमच्याकडं बघत का न्हायस?"

तूस टाकणारा माणूस पाण्यावरची नजर काढत नाही. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, तरी त्याने ते ओळखलं. मी पेला खाली ठेवला, म्हातारीच्या हातातला तिचाही काढून घेतला, आणि म्हटलं, "चला आत. मी न्हाय सांगत, ती बाई सांगंल."